शब्द कमी पडत नाहीत, निकाल लागलेला नसतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षांत सहाशेहून जास्त चित्रपट पाहिलेत. मूकपट, भयपट, ॲनिमेशन, मसालापट, काही वर्ज्य नाही. प्रत्येकावर दोन-तीन ओळींचा शेरा लिहून तारे दिलेत. आता वही चाळली तर सगळे शेरे एका माळेचे मणी: ‘छान’, ‘संथ पण परिणामकारक’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’. निम्म्या चित्रपटांना साडेतीन तारे. मग थोडक्या शब्दांत नेमकं कसं लिहायचं, आणि इतक्या वेगवेगळ्या जातीच्या चित्रपटांना एकच फूटपट्टी लावायची कशी?

मी एका दैनिकात सोळा वर्षं असे छोटे शेरे लिहिले. आठवड्याला पाच-सहा चित्रपट आणि प्रत्येकाला चाळीस शब्द. त्यात चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी धरलेली, म्हणजे हातात तीसच. साडेचार हजारांच्या आसपास शेरे झाले असतील. त्यातले निम्मे तरी वाईट होते हे आधीच कबूल करते. वाईट शेरा कसा तयार होतो हे मला त्यातूनच कळलं.

तुम्हाला वाटतंय अडचण शब्दमर्यादेची आहे. मला तसं वाटत नाही. ‘संथ पण परिणामकारक’ लिहिणाऱ्याला आठशे शब्द दिले तर तो तेच आठशे शब्दांत लिहील. शेरा गुळमुळीत होतो तेव्हा बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या मनात निकालच लागलेला नसतो. आवडला की नाही एवढं ठरलेलं असतं, पण कशामुळे आवडला तिथे अजून धुकं असतं. मोठ्या परीक्षणात हे धुकं झाकता येतं. आधी कथा सांगायची, मग अभिनय, छायांकन, संगीत यांना एकेक परिच्छेद द्यायचा आणि शेवटी ‘एकूणात’ म्हणून हात झटकायचे. त्या गर्दीत निकाल नसला तरी कुणी विचारत नाही. तीस शब्दांत लपायला जागाच नसते.

एक शेरा कसा घडला ते दाखवते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१४ चा. बाहेर आल्यावर मी पहिल्या झटक्यात लिहिलं होतं: ‘न्यायव्यवस्थेवर मार्मिक भाष्य करणारा वास्तववादी चित्रपट. सर्वांचा अभिनय नैसर्गिक. संथ असला तरी जरूर पाहावा.’

आता यातलं चित्रपटाचं नाव झाका आणि वाचा. ओळखता येतो का? कोर्टकचेरीवरच्या कुठल्याही बऱ्या चित्रपटाला हा शेरा चिकटवता येईल. सगळं खरं आहे, पण त्यात ‘कोर्ट’ कुठेच नाही. मग मी दुसरा खर्डा केला, त्यात कथा घातली. गटारात उतरणाऱ्या कामगाराचा मृत्यू होतो, आपल्या गाण्यातून त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं असा आरोप एका वयस्कर लोकशाहिरावर येतो, खटला सुरू होतो. शब्द संपले. वाचकाला गोष्ट कळली, माझं म्हणणं कळलं नाही. गोष्ट त्याला ट्रेलरमध्येही कळलीच असती. छोटे शेरे मरतात ते बहुतेक या दुसऱ्या खड्ड्यात. शब्द थोडे असले की माणूस कथेचा आधार घेतो, कारण कथा सांगायला मत लागत नाही.

मग लिहिणं थांबवून स्वतःला विचारलं, डोक्यात उरलंय काय? खटल्यातले युक्तिवाद नव्हे. सरकारी वकील बाई काम संपवून घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते, कॅमेरा तिच्या मागोमाग घरात शिरतो, ते उरलं होतं. पुढे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे जातात, वाटतं चित्रपट संपला. तो संपत नाही. न्यायाधीश कुटुंबासोबत सहलीला निघालेले दिसतात आणि आपण तेही बघत बसतो. हे सगळं का दाखवलं असेल याचा विचार करताना निकाल लागला: या चित्रपटात क्रूर माणूस नाहीच, दिवसाचं काम उरकून घरी जाणारी साधी माणसं आहेत आणि अन्याय त्यांच्याच हातून होतोय. मग शेरा आपोआप आला:

‘खटला बघायला जाल, आणि लक्षात राहील तो खटला चालवणाऱ्यांचा घरचा वेळ. इथे दुष्ट कुणीच नाही. म्हणूनच जास्त अस्वस्थ व्हायला होतं. कॅमेरा फारसा हलत नाही. घाई असेल तर आज नको.’

तिसाच्या आत बसलं. अभिनयाबद्दल एक शब्द नाही, पुरस्कारांबद्दल नाही, दिग्दर्शकाच्या वयाबद्दल नाही. एक निकाल, त्याला एक पुरावा आणि शेवटी एक पाटी: कुणी यावं, कधी यावं. माझ्या बऱ्या शेऱ्यांमध्ये बहुतेक वेळा हे तीन सापडतात, क्रम काहीही असो. पुरावा मात्र एकच. दोन दिले की दोन्ही पातळ होतात.

याहून छोटं लिहिता येतं का? येतं. अमेरिकन समीक्षक जेम्स एजी १९४० च्या दशकात ‘द नेशन’ या साप्ताहिकात लिहायचे. १९४८ मध्ये ‘यू वेअर मेन्ट फॉर मी’, म्हणजे ‘तू माझ्यासाठीच होतीस’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. त्यावर त्यांचा शेरा एवढाच: असं तुम्हाला वाटतं! त्याच वर्षीचा ‘इझन्ट इट रोमँटिक?’ हा दुसरा. ‘किती रोमँटिक आहे, नाही?’ असं नावच विचारतंय. लेनर्ड मॉल्टिन यांच्या चित्रपट-मार्गदर्शकात त्यावर एका शब्दाचं परीक्षण आहे: नाही. हे दोन्ही किस्से समीक्षकांच्या गप्पांत हटकून निघतात आणि नवशिके त्यांच्या प्रेमात पडतात. मीही पडले होते. पण नीट पाहा, दोन्ही शेरे चित्रपटाच्या नावाला दिलेलं उत्तर आहेत. नावाने तशी संधी दिली म्हणून जमलं. ओढूनताणून केलेली कोटी निकालाची जागा घेत नाही. शिवाय खोचक एका ओळीने बहुतेक वेळा चित्रपट दिसत नाही, लिहिणारा दिसतो. वर्षाकाठी एखादी चालेल.

निकाल कुठे ठेवायचा हे मी ठेच लागून शिकले. आमच्या पानावर खाली जाहिरात आली की सदराची शेवटची ओळ उडायची. मला कुणी कळवायचंही नाही. एका थरारपटाबद्दल मी दोन ओळी मनापासून कौतुक केलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, हिंसा अंगावर येणारी आहे, मुलांना नेऊ नका. नेमकी तीच ओळ गेली. आठवड्याने एका बाईंचं पत्र आलं. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेल्या होत्या, मध्यंतराला उठून आल्या. चूक पान लावणाऱ्याची होती असं म्हणून सुटता आलं असतं, पण ‘मुलांना नेऊ नका’ ही शेवटी टाकायची गोष्टच नव्हती. तेव्हापासून ज्याने कुणाचं नुकसान होईल ते आधी, कौतुक नंतर. तुमच्या वहीतली ओळ कुणी कापणार नाही, पण आजकाल लोक पहिली ओळ वाचून पुढे सरकतात. परिणाम तोच.

आता फूटपट्टीचं. इथे माझं उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही.

सगळ्यांना एकच माप लावलं की सब घोडे बारा टक्के होतात. प्रत्येक जातीला वेगळं माप लावलं तर तुमच्या चार ताऱ्यांचा अर्थ दर वेळी वेगळा होतो. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट उघडपणे म्हणायचे की तारे सापेक्ष आहेत, सुपरहिरोपटाला तारे देताना तो त्याच जातीच्या चित्रपटांशी तोलायचा, दुसऱ्या टोकाच्या गंभीर चित्रपटाशी नाही. मला हे अर्धं पटतं. मी दोन प्रश्न वेगळे ठेवते. या चित्रपटाने प्रेक्षकाला कसलं वचन दिलंय आणि ते पाळलं का? हा झाला पहिला. भयपटाने घाबरवायचं वचन दिलेलं असतं, तिथे ‘सामाजिक आशय नाही’ अशी तक्रार करणं म्हणजे न्हाव्याकडे जाऊन औषध मागणं. दुसरा प्रश्न: वचन मुळात केवढं होतं? छोटं वचन चोख पाळणारा चित्रपट आणि मोठं वचन देऊन जागोजागी अडखळणारा चित्रपट, यांना तारे सारखे पडतील कदाचित, पण शेरा सारखा पडता कामा नये. कोणता कशात मोडतो ते शेऱ्याने सांगायचं. तुमच्या वहीत साडेतीनांचा ढीग जमलाय तो इथेच. त्या ढिगात किमान दोन जातीचे चित्रपट एकमेकांवर पडलेत.

यासाठी माझं आवडतं उदाहरण १६ एप्रिल १९८८ चं आहे. जपानमध्ये जिब्ली स्टुडिओचे दोन चित्रपट त्या दिवशी एकत्र, जोडखेळ म्हणून लागले: मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’ आणि ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दोन्ही ॲनिमेशन, दोन्हींत भावंडं, दोन्ही एकाच खेळात. पहिल्यात दोन मुली, आजारी आई आणि जंगलातला एक केसाळ प्राणी. दुसऱ्यात युद्धात बेघर झालेले भाऊ-बहीण. मुलगा वाचत नाही हे पहिल्याच दृश्यात कळतं. मी दोघांना तारे सारखेच देईन. पण ‘सुंदर ॲनिमेशन, भावस्पर्शी, सहकुटुंब पाहा’ हा शेरा दोघांना लावला तर दुसऱ्या चित्रपटाला गेलेलं कुटुंब मला शिव्या देईल. माझे शेरे असे:

तोतोरो: ‘खलनायक नाही, संकट म्हणावं तर आईच्या आजारपणाची काळजी, आणि तरी नजर हटत नाही. पाच वर्षांच्या मुलासोबत पाहा. तो तुमच्यापेक्षा शांत बसेल.’

फायरफ्लाइज: ‘चित्रं आहेत म्हणून मुलांचा समजू नका. शेवट सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि मग एका डब्यातल्या गोड गोळ्या संपताना बघायला लावतो. दुसऱ्यांदा पाहायचं माझं धाडस झालेलं नाही.’

दुसऱ्या शेऱ्यातलं शेवटचं वाक्य अगदी माझं, व्यक्तिगत आहे. पूर्वी मी अशी वाक्यं काढून टाकायचे, वस्तुनिष्ठ दिसावं म्हणून. आता ठेवते. इतक्या वेगवेगळ्या चित्रपटांना सांधणारी एकच गोष्ट तुमच्या वहीत आहे, आणि ती म्हणजे तुम्ही. वाचकाला माझी आवड पटत नसेल तरी चालतं, ती कळली पाहिजे. माझ्या एका नियमित वाचकाने सांगितलं होतं की मी ज्या ॲक्शनपटाला ‘कानठळ्या बसतात’ लिहीन तो तो आवर्जून बघतो. त्याच्यापुरतं माझं काम चोख झालं होतं.

जुन्या चित्रपटांचा प्रश्न वेगळा आहे आणि तुम्ही मूकपटही पाहता म्हणून त्यावर थोडं थांबते. जुना चित्रपट समोर आला की आपण दोनपैकी एक करतो. ‘त्या काळाच्या मानाने उत्तम’ म्हणून पाठ थोपटतो, नाहीतर अभिजात म्हटल्यावर मान खाली घालतो. दोन्हींत आपण चित्रपट पाहिलेला नसतो. मी एवढंच विचारते: यातलं आज काय चालतं आणि काय चालत नाही? प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. त्यातली चमत्काराची दृश्यं पाहताना आजचा प्रेक्षक जरा हसतो, त्यात काही पाप नाही. पण गौरीबाईंची जिजाई! संसाराला टेकीला आलेली, देवावर रागावलेली, नवऱ्यावर ओरडणारी आणि त्याच्याचसाठी भाकरी घेऊन जाणारी. ती आज शेजारच्या घरात राहायला आली तर ओळखीची वाटेल. माझा शेरा: ‘चमत्कार जुने झाले, जिजाई झाली नाही. भक्तिपट म्हणून टाळत असाल तर तिच्यासाठी पाहा.’ हा माझ्या सगळ्यांत छोट्या शेऱ्यांपैकी एक आहे आणि त्यावर मी सगळ्यांत कमी वेळ घालवलाय, कारण निकाल थिएटरात बसल्या बसल्या लागला होता.

बस्टर कीटनच्या ‘द जनरल’बद्दलही तसंच. १९२६ चा मूकपट, आला तेव्हा फारसा चालला नाही आणि परीक्षणंही थंड होती. आज पाहताना ‘मूकपटाचा मैलाचा दगड’ लिहायची काही गरज नाही. ‘पुलावरून खाली कोसळणारं इंजिन खरं आहे, आणि त्याच्या आधीचा नायकाचा निर्विकार चेहराही’ एवढं लिहिलं की ज्याला जायचं तो जातो.

विनोदी चित्रपटाचा शेरा मला अजूनही सर्वांत अवघड वाटतो. हसू आलं, यापलीकडे पुरावा काय देणार? संवाद लिहिला तर पुढच्याची मजा जाते, प्रसंग सांगितला तर तो कागदावर थंड पडतो. ‘अशी ही बनवाबनवी’वर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. शेवटी लक्षात आलं की विनोद सांगायचाच नाही, तो चालतो कसा ते सांगायचं. ‘राहायला जागा नाही एवढी एकच खरी अडचण, बाकी सगळा गोंधळ पहिल्या थापेतून एकेक पायरीने वाढतो. अशोक सराफ हसत नाहीत तेव्हा जास्त हसू येतं.’ फार ग्रेट नाही, मान्य. पण ‘पोट धरून हसाल’पेक्षा बरा. पोट कुणाचं आणि का, ते तरी कळतं.

आणि ‘संथ’. हा शब्द तुमच्या वहीतून महिनाभर हद्दपार करा, माझी विनंती समजा. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात शांताल आकेरमान यांचा १९७५ चा ‘जान दीलमान’ पहिला आला. हा कौल १९५२ पासून दर दहा वर्षांनी होतो. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता, मग पन्नास वर्षं ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’. या वेळचा विजेता जवळजवळ तीन तास वीस मिनिटांचा, एका विधवेचे तीन दिवस, त्यात बटाटे सोलणं पूर्ण वेळ दाखवलेलं. त्याला संथ म्हणून काय कळलं? काहीच नाही. ‘पहिल्या दिवशी तिची घरकामं इतकी नीट बघावी लागतात की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले तर आपल्याला धडकी भरते’ असं म्हटलं तर वेळ कशासाठी घेतलाय ते कळतं. ज्याला तेवढा वेळ नाही त्यालाही कळतं. उलट एखादा चित्रपट खरोखर रेंगाळत असेल तर तेही तसंच सांगा: दृश्यातली गोष्ट सांगून झाल्यावरही कॅमेरा उठत नाही, किंवा नायकाला कळायला चाळीस मिनिटं लागतात ते आपल्याला पाचव्या मिनिटाला कळलेलं असतं. ‘संथ’ या एका शब्दात या तिन्ही अगदी वेगळ्या गोष्टी दडतात.

असाच दुसरा शब्दप्रयोग आमच्या धंद्यातला: ‘मध्यंतरानंतर चित्रपट ढेपाळतो.’ मी हा इतक्या वेळा लिहिलाय की एका सहकाऱ्याने याचा रबरी शिक्का करून देतो म्हणून सांगितलं होतं. कधीकधी ढेपाळलेली मी असायचे.

इथवरचं एकदा सांगते, म्हणजे ताऱ्यांकडे वळता येईल. लिहिण्याआधी निकाल लावा, त्याला एकच पुरावा द्या, कुणासाठी आहे ती पाटी लावा. नाव झाकून वाचा, शेरा दुसऱ्या चित्रपटाला बसत असेल तर फाडा.

ताऱ्यांचा इतिहास गमतीचा आहे. वर्तमानपत्रात चित्रपटाला तारे देण्याची सुरुवात साधारणपणे न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मधल्या आयरीन थिरर यांच्यापासून धरतात, ३१ जुलै १९२८. शून्य ते तीन तारे. १९५० च्या दशकात ‘काइये द्यू सिनेमा’ या फ्रेंच मासिकाने दहा समीक्षकांचा तक्ता सुरू केला. त्यात चार तारे म्हणजे श्रेष्ठ कृती आणि काळा ठिपका म्हणजे जाण्याची तसदी घेऊ नका. मला ती पद्धत आवडते, कारण तिथे बहुतेक खुणा गुण देत नाहीत, कृती सांगतात: जमलं तर पाहा, पाहा, पाहायलाच हवा. शाळेतल्या उत्तरपत्रिकेसारखे गुण द्यायला लागलो की अर्ध्या ताऱ्यावर वाद घालण्यात संध्याकाळ जाते. तुम्हाला तारे ठेवायचेच असतील तर अर्धे तारे बंद करा. साडेतीन हा आकडा बहुतेक वेळा ‘मला ठरवायचं नाही’ असं म्हणत असतो. तीन की चार हे ठरवायला लागलं की मगाशी म्हटला तो निकाल आपोआप लागतो. मी स्वतः शेवटच्या पाच वर्षांत तारे सोडूनच दिले. संपादकांना आवडलं नाही.

टक्केवारीबद्दलही गैरसमज आहे. तुम्ही लिहिलंय की तुमचा साडेतीन आणि समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचे ९५ टक्के जुळत नाहीत तेव्हा आपलं चुकलं असं वाटतं. ते ९५ टक्के म्हणजे शंभरातले ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या पंचाण्णव समीक्षकांनी चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला म्हटला, एवढाच त्याचा अर्थ. साठ टक्के झाले की टोमॅटो ताजा. म्हणजे सगळ्यांना ‘ठीक आहे’ वाटलेला चित्रपट शंभर टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि निम्म्यांना वेड लावणारा व निम्म्यांना चीड आणणारा पन्नासावर अडकतो. माझ्या अनुभवात हा दुसरा चित्रपटच जास्त लक्षात राहतो. त्याच्यावर शेरा लिहिणंही सोपं, कारण तिथे कुंपणावर बसताच येत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमची वही फक्त तुमच्यासाठी असेल तर पाटीची गरज नाही, आणि शेवट काय होतो तेही बेलाशक लिहा. पाच वर्षांनी तेच उपयोगी पडतं. मित्र वाचत असतील तर शेवट झाका, पण चित्रपटाचा सूर झाकू नका. ‘धक्का आहे’ एवढं लिहिणंही कधीकधी धक्का घालवतं, कारण मग माणूस पहिल्या मिनिटापासून तो शोधत बसतो. एखाद्या जातीचा चित्रपट तुम्ही आयुष्यात पाच-सहाच पाहिले असतील तर निकाल जपून द्या आणि तसं लिहा. मी पहिली दोन वर्षं सामुराईपटांवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. मी ज्याला दिग्दर्शकाची शैली म्हणत होते ती त्या जातीची सर्वसाधारण रीत होती.

चित्रपट कोणत्या अवस्थेत पाहिला यानेही फार फरक पडतो. महोत्सवात दिवसाचा पाचवा चित्रपट, डोकं ठणकतंय, अशा वेळी मी एका इराणी चित्रपटाला ‘हेतू चांगला, जीव नाही’ असं लिहून मोकळी झाले. दोन वर्षांनी घरी सकाळी पाहिला. जीव होता, माझ्यात नव्हता. आपलं मत बदललं तर कसं सांगायचं, याचा माझ्यासाठी नमुना म्हणजे अमेरिकन समीक्षक जो मॉर्गनस्टर्न. १९६७ मध्ये ‘न्यूजवीक’साठी त्यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ला झोडपलं. मग चित्रपट पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच साप्ताहिकात, आपलं चुकलं असं लिहून नवं परीक्षण दिलं. जुनं खोडलं नाही, तेही छापील राहिलं. तुम्हीही खोडू नका. खाली तारीख टाकून नवा शेरा लिहा. सहाशेच्या वहीत अशा पाच-दहा दुरुस्त्या असल्या तर बाकीच्या पाचशे नव्वदांवर वाचक जास्त भरवसा ठेवेल.

शेवटी तुमचा व्यवहाराचा प्रश्न: आता सगळं परत लिहायचं का? मुळीच नको. साडेतीन ताऱ्यांच्या ढिगातले वीस चित्रपट काढा. जुना शेरा न बघता प्रत्येकासमोर आज जे आठवतंय ते एका ओळीत लिहा. एखादं दृश्य, एखादा चेहरा, दाराचा आवाज, काहीही. जे आठवलं तो तुमचा पुरावा, आणि तो का टिकला याचं उत्तर म्हणजे निकाल. ज्यांच्यासमोर काहीच आठवणार नाही तिथे ‘आठवत नाही’ असं लिहून तारीख टाका. माझ्या वहीत अशा एकशे चौदा नोंदी आहेत. त्यातल्या तिघांना मी त्या वेळी चार तारे दिले होते.